पाळणाघर निवडणं आणि ताईंशी नातं जोडणं: कोणतं काम कधी करायचं

मूल सांभाळायला ठेवण्याचं काम बहुतेक घरांत उलट्या क्रमानं होतं. आधी वाटेवरची जागा पक्की होते, लगेच पैसे भरले जातात आणि रुजू व्हायच्या आदल्या दिवशी बाळाला तिथे तासभर बसवून बघतात. दिवसभर त्याला कडेवर घेणाऱ्या ताईंशी नीट बोलणं होतं ते थेट पहिल्या तक्रारीच्या वेळी. मग मूल रमत नाही आणि पालक म्हणतात, जागा चुकली. बऱ्याचदा जागा बरी असते, चुकलेला असतो क्रम.

इमारत, रंगवलेल्या भिंती, खेळण्यांचा ढीग हे सगळं दुय्यम आहे. आपण एक माणूस निवडत असतो, आणि त्या माणसाशी नातं मूल तिथे जाऊ लागण्याआधीच सुरू व्हायला हवं. खालचे टप्पे त्याच हिशेबानं लावले आहेत. ते मागेपुढे करू नका.

टप्पा १: शोधायच्या आधी घरात ठरवायचं

रुजू व्हायच्या तारखेपासून मागे मोजत या. मुलाला सवय लागायला दोन आठवडे, कागदपत्रांना एक, भेटी आणि पडताळणीला तीन-चार. शिवाय प्रतीक्षायादीचा वेळ वेगळा. म्हणजे तीन महिने आधी शोध सुरू केला तरी तो लवकर नव्हे. तान्ह्या बाळांसाठी तर आणखी आधी बघा. एका माणसाला जास्त तान्ही बाळं सांभाळता येत नाहीत, त्यामुळे चांगल्या ठिकाणी त्या वयाच्या जागा मोजक्याच असतात.

मग तास लिहून काढा. कामाचे नव्हे, दारापासून दारापर्यंतचे. प्रवास, उशिरा संपणारी बैठक, पावसात अडकलेली गाडी हे सगळं धरून. याच कागदावर आणखी दोन ओळी हव्यात: उशीर झाला तर मुलाला कोण आणणार, आणि मूल आजारी पडलं तर घरी कोण थांबणार. दुसरी ओळ जवळजवळ सगळे विसरतात. इतर मुलांत नुकतंच मिसळू लागलेलं मूल पहिले काही महिने वारंवार आजारी पडतं. ती वेळ येणार हे गृहीत धरूनच ठरवा.

प्रकार निवडताना प्रत्येकाची कमकुवत बाजू आधी बघा. घरी येणाऱ्या ताईंमुळे मुलाचा दिनक्रम मोडत नाही, पण त्या आजारी पडल्या की सगळंच थांबतं, आणि दिवसभर त्यांच्यावर दुसऱ्या कुणाची नजर नसते. घरगुती पाळणाघरात माया आणि सातत्य मिळू शकतं, मात्र त्या घरात येणारे-जाणारे कोण, हे बघावं लागतं. मोठ्या केंद्रात एक ताई रजेवर गेल्या तर दुसऱ्या असतात, पण माणसं सारखी बदलत राहिली तर मुलाला कुणीच आपलं वाटत नाही.

शेवटी अटी. फक्त तीन लिहा, ज्या मोडल्या तर बाकी सगळं चांगलं असूनही तुम्ही नाही म्हणाल. वीस अटींची यादी घेऊन फिरलात तर पाचव्या ठिकाणी दमाल आणि सहाव्या ठिकाणी कशालाही हो म्हणाल.

पडताळा: घरातल्या जबाबदार माणसांनी आपापल्या तीन अटी एकमेकांना न दाखवता लिहाव्यात आणि मग जुळवाव्यात. भांडण व्हायचं असेल तर ते इथेच झालेलं बरं.

टप्पा २: फोनवरची चाळणी

प्रत्येक ठिकाणी जाऊन बघण्यात शक्ती घालवू नका. फोनवर पाचच गोष्टी विचारा. जागा आहे का आणि कधीपासून? या वयाची मुलं किती आणि त्यांच्यासोबत एका वेळी मोठी माणसं किती? गेल्या वर्षभरात या गटाच्या ताई किती वेळा बदलल्या? पालकांना कामाच्या वेळेत कधीही आत येता येतं का? तुमच्या भागात नोंदणी किंवा परवाना लागत असेल तर तो आहे का?

मुलं आणि मोठी माणसं यांचं प्रमाण हा सगळ्यात कामाचा आकडा. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या शिफारशीनुसार मोठ्या केंद्रांत १२ महिन्यांपर्यंतच्या ३ बाळांमागे १ मोठं माणूस हवं, आणि पुढे ३ वर्षांच्या आतल्या ४ मुलांमागे १. प्रत्यक्षात हे सगळीकडे मिळत नाही, पण आपण आदर्शापासून किती लांब उभे आहोत हे तरी कळतं. एकटं माणूस आठ तान्ही बाळं सांभाळत असेल, तर ते कितीही प्रेमळ असलं तरी त्याला हात दोनच आहेत.

हा आकडा विचारताना वेळही विचारा: दुपारी झोपेच्या वेळी किती जण असतात, आणि संध्याकाळी शेवटच्या तासाला किती? कागदावरच्या प्रमाणात पुष्कळदा स्वयंपाक करणाऱ्या बाई आणि कार्यालयात बसणारी व्यक्तीही मोजलेली असते.

इशारा: "आधी जागा राखायचे पैसे भरा, मग आत बघायला या" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा.

टप्पा ३: पहिली भेट, ऐकायला कमी आणि बघायला जास्त

पहिल्या भेटीला मुलाला नेऊ नका. ते सोबत असलं की तुमचं निम्मं लक्ष त्याच्यात जातं आणि ताईंचंही वागणं पाहुण्यांसमोरचं होतं. वेळ निवडा जेवण संपून झोप सुरू होण्याची. मुलं पेंगुळलेली, किरकिरी. मोठी माणसं थकलेली, हात भरलेले. सकाळी दहा वाजता सगळीच ठिकाणं छान दिसतात.

फिरवून दाखवणाऱ्या व्यक्तीच्या मागे मागे जाऊ नका. एका कोपऱ्यात बसायची परवानगी मागा आणि निदान पाऊण तास बसा. बघायचं ते असं.

रडणाऱ्या मुलाकडे कुणी जातं का, किती वेळानं आणि कसं? लांबून "अरे गप्प, गप्प" म्हणणं वेगळं आणि जवळ जाऊन, खाली बसून, नाव घेऊन बोलणं वेगळं. तान्ह्या बाळाला उचलण्याआधी ताई त्याला काही सांगतात का, की मागून येऊन सामानासारखं उचलतात? मागून येऊन, न सांगता नाक पुसणं ही अगदी बारीक गोष्ट आहे, पण समोरच्या जिवाला माणूस मानलं जातं की नाही ते तिथेच दिसतं.

मोठी माणसं कुठे आहेत तेही बघा. मुलांच्यात जमिनीवर, की भिंतीला टेकून एकमेकींशी गप्पा मारत, की फोनमध्ये?

मुलं तुमच्याकडे बघून काय करतात? अनोळखी माणूस दिसल्यावर मूल आधी तुमच्याकडे बघतं, मग आपल्या ताईंकडे, आणि परत खेळायला लागतं, हे चांगलं लक्षण. सगळीच मुलं अनोळखी माणसाच्या गळ्यात पडत असतील तर पालक खूश होतात, "किती मनमिळाऊ मुलं!" मला मात्र तिथे शंका येते. दिवसभर लक्ष न मिळालेलं मूलही असंच करतं. गोंगाटाचंही तेच: लहान मुलांच्या खोलीत टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता असेल तर ती कशी आली, हे विचारावंच लागतं. बरेचदा उत्तर समोरच्या पडद्यावर चालू असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये १ वर्षाखालच्या बाळांना पडद्यासमोर बसवूच नये, १ वर्षाच्या मुलांसाठीही ते योग्य नाही आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसात १ तासाहून जास्त नको, असं म्हटलं आहे.

आता सुरक्षितता. ही डोळ्यांनी बघायची, विचारून नव्हे.

झोप: वर्षाखालची बाळं पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, प्रत्येकाच्या वेगळ्या जागी झोपलेली हवीत. अंथरुणात उशी, मऊ खेळणी, जाड पांघरूण काही नको. आणि झोपलेल्या मुलांच्या खोलीत जागं माणूस हवं.

पाणी: न्हाणीघरात भरलेली बादली आहे का? लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं, आणि तेही आवाज न करता.

घशात अडकणाऱ्या वस्तू: टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागता कामा नये. सुटी बटणं, मणी, बॅटरीचे छोटे सेल बघा. बटणासारखा गोल सेल गिळला गेला तर काही तासांत अन्ननलिका जाळतो.

डायपर बदलणं: प्रत्येक मुलानंतर हात साबणानं धुतले जातात का? बाळ उंचावर असताना ताईंचा एक हात त्याच्या अंगावर असतो का?

दारं: मूल बाहेर जाऊ शकत नाही, पण आगीत मोठ्यांना दार चटकन उघडता येतं, अशी कडी हवी. मुलाला न्यायला आलेलं माणूस कोण, हे कसं तपासतात तेही बघून घ्या.

पडताळा: बाहेर पडल्यावर पाच मिनिटांच्या आत, गाडीत किंवा फुटपाथवर उभं राहून, बघितलेल्या तीन गोष्टी लिहून ठेवा. चौथ्या ठिकाणानंतर सगळ्या खोल्या डोक्यात एकमेकींत मिसळतात.

टप्पा ४: प्रश्न कुणाला आणि कसे विचारायचे

मालकिणीला किंवा संचालकांना विचारलेले प्रश्न फी आणि सुट्ट्यांपुरते ठेवा. बाकी सगळं त्या ताईंनाच विचारायचं, ज्यांच्या कडेवर मूल असणार आहे. त्यांच्याशी बोलूच दिलं नाही, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

"तुम्ही मुलांना मारत नाही ना?" या प्रश्नाला जगात कुणीही "मारतो" म्हणणार नाही. मत विचारू नका, घडलेली गोष्ट विचारा. "ताई, अलीकडे एखादं मूल दुसऱ्याला चावलं होतं का? मग तुम्ही काय केलंत?" एक ते तीन वर्षांची मुलं चावतातच. "आमच्याकडे असं होतच नाही" हे उत्तर त्यामुळे खरं नसतं. चांगल्या उत्तरात चावलेल्या मुलाला आधी जवळ घेतलेलं असतं, चावणाऱ्याला थोडक्यात आणि ठामपणे थांबवलेलं असतं, दोन्ही घरांना कळवलेलं असतं, आणि कुणाचं नाव कुणाला सांगितलेलं नसतं.

दुसरा प्रश्न: "बाळ अर्धा तास रडायचं थांबतच नाही, काहीही केलं तरी. तेव्हा तुम्ही काय करता?" इथे मला "मला कधी राग येतच नाही" म्हणणाऱ्या ताईंपेक्षा "मग मी बाळाला पाळण्यात ठेवते, दुसऱ्या ताईंना हाक मारते आणि दोन मिनिटं बाहेर जाते" म्हणणाऱ्या ताई जास्त भरवशाच्या वाटतात. बाळाला गदागदा हलवण्यानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आणि ते घडतं तेव्हा समोर बहुधा न थांबणारं रडणंच असतं. थकवा ओळखून बाजूला होणं हे कौशल्य आहे.

तिसरा: "मूल जेवत नसेल तर?" आणि चौथा: "ऐकतच नसेल तर?" इथे शब्द नीट ऐका. "थोडा धाक लागतोच", "शेजारच्या खोलीत बसवतो", "ताट संपल्याशिवाय उठू देत नाही" ही वाक्यं हसत हसत बोलली जातात. ती हसण्यावारी नेऊ नका.

आजारपणाचं विचारताना आकड्यात विचारा. किती तापाला घरी कळवता? ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त म्हणजे ताप. ३ महिन्यांखालच्या बाळाला एवढा ताप असेल तर वाट न बघता डॉक्टर. प्रथमोपचार आणि लहान मुलांचं सीपीआर (श्वास किंवा हृदय बंद पडल्यास छाती दाबणं आणि तोंडानं श्वास देणं) कुणाला येतं, आणि ती व्यक्ती प्रत्येक पाळीत असते का?

इशारा: उलटतपासणीचा सूर लागू देऊ नका. या ताई उद्या तुमच्या मुलाच्या होणार आहेत. प्रश्नांइतकाच वेळ त्यांना काय आवडतं, किती वर्षं हे काम करतात, कोणतं वय त्यांना जड जातं, यासाठी ठेवा.

टप्पा ५: पडताळणी

सध्या येणाऱ्या दोन पालकांशी आणि सोडून गेलेल्या निदान एकाशी बोला. सोडून गेलेल्यांना "कसं होतं?" विचारलं तर "चांगलं होतं" एवढंच ऐकायला मिळेल. "कोणती गोष्ट वेगळी असती तर तुम्ही थांबला असता?" असं विचारा.

घरी येणाऱ्या ताईंच्या बाबतीत ओळखपत्र बघणं आणि आधीच्या घरी फोन करणं दोन्ही करा. त्या फोनवर मुलाचं वय काय होतं, ताईंची वेळ काय होती, असे साधे तपशील विचारा आणि ताईंनी सांगितलेल्याशी जुळवा. नुसती स्तुती कुणीही करू शकतं. तपशील जुळणं तितकं सोपं नाही.

दुसरी भेट न कळवता, वेगळ्या वेळी. शक्यतो संध्याकाळी शेवटच्या तासात. आत जाऊ दिलं नाही, दारातच उभं केलं, तर कारण कितीही गोड असो, ते ठिकाण यादीतून काढा. ही एक अट मी कुणालाही शिथिल करायला सांगणार नाही.

टप्पा ६: कागदावर घ्यायचं ते

वेळा, पैसे, पैसे देण्याची तारीख, उशिराचं शुल्क, दोन्हीकडच्या सुट्ट्या, आजारी मुलाबाबतचा नियम, औषध देण्याचा नियम, मुलाला कोण नेऊ शकतं त्यांची नावं, फोटो काढण्याची आणि कुठेही टाकण्याची परवानगी, थांबवायचं असल्यास किती दिवस आधी सांगायचं. एवढं लिहिलेलं असलं की पुढची निम्मी भांडणं होतच नाहीत.

घरी येणाऱ्या ताईंसाठी एक ओळ जास्त महत्त्वाची: काम कोणतं आणि कोणतं नाही. "बाळ झोपलं की जरा भांडी बघा" इथून सुरुवात होते आणि दोन महिन्यांत ताईंचं लक्ष बाळापेक्षा ओट्याकडे जास्त असतं. जास्तीचं काम हवं असेल तर ते आधी सांगा, त्याचे वेगळे पैसे द्या, आणि बाळ जागं असताना ते करायचं नाही असं ठरवा. ताईंना भरपगारी रजा किती, तेही याच कागदावर घ्या. रजा नसलेलं माणूस तापातही कामावर येतं आणि तो ताप तुमच्या मुलाकडे पोहोचतो.

टप्पा ७: मुलाची एका पानाची ओळख

एकच पान. चार पानं लिहिलीत तर कुणी वाचणार नाही. त्यात झोप येतेय हे कशावरून कळतं, कसं थोपटलेलं आवडतं, कशाला घाबरतं, तहान लागली की कोणता शब्द वापरतं, कोणत्या पदार्थाची किंवा औषधाची ॲलर्जी आहे आणि ती झाली तर काय दिसतं, एवढं हवं. घरचे फोन क्रमांक आणि डॉक्टरांचा क्रमांक सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात.

दुधाबाबत गोंधळ फार होतो, म्हणून आकडे तिथेच लिहा. नुकतं काढलेलं आईचं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तासांपर्यंत आणि फ्रिजमध्ये ४ दिवसांपर्यंत ठेवता येतं. बाळानं अर्धवट सोडलेलं दूध पिणं संपल्यापासून २ तासांत वापरायचं, नाहीतर ओतून द्यायचं. पावडरचं दूध तयार केल्यापासून २ तासांत आणि बाळानं तोंड लावल्यापासून १ तासात संपवायचं. प्रत्येक बाटलीवर नाव आणि तारीख हवी. ६ महिन्यांखालच्या बाळाला वरचं पाणी नाही, १ वर्षाखालच्याला मध नाही. "थोडंसं चाटवलं" हेही नाही.

औषध मूळ बाटलीतच द्या, मात्रा मिलिलिटरमध्ये लिहा आणि मोजायची पिचकारी सोबत ठेवा. घरचे चमचे एकसारखे नसतात. आधीचा डोस किती वाजता दिला ते सकाळी सांगायला विसरलात तर दुपारी दुहेरी डोस जाऊ शकतो.

टप्पा ८: सवय लावण्याचे दोन आठवडे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण इथेच सगळ्यांना घाई असते. कामाच्या पहिल्या दिवशीच मुलाचा पहिला दिवस ठेवू नका.

पहिले दोन दिवस तुम्ही तिथेच असता, तासभर. मुलाला खेळवायला नव्हे. एका जागी बसून राहायला. मूल तुमच्याकडे येईल, परत जाईल. ताईंशी तुम्ही मोकळेपणानं बोलताय, हसताय, हे त्याला दिसू द्या. आईबाबांचा या माणसावर भरवसा आहे की नाही, हे मूल तुमच्या चेहऱ्यावरून वाचतं. भरवणं आणि कपडे बदलणं तुम्हीच करा, ताई शेजारी बघत असतील.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तेच काम ताई करतील आणि तुम्ही बघाल. मग पहिल्यांदा निरोप घेऊन दहा-पंधरा मिनिटं बाहेर जा आणि परत या. ताईंच्या कुशीत मूल शांत होत असेल तरच पुढे वेळ वाढवा: अर्धा तास, दोन तास, मग जेवणापर्यंत. झोप सगळ्यात शेवटी. परक्या जागी डोळे मिटणं हा मुलाच्या दृष्टीनं मोठा भरवसा असतो, तो पहिल्या आठवड्यात मागू नका.

घरचा वास लागलेली एक वस्तू सोबत द्या, न धुतलेली. वर्षाखालच्या बाळाच्या बाबतीत ती झोपेच्या अंथरुणात नको, जागेपणी हातात.

निरोपाच्या तीन चुका. पहिली, मूल खेळात गुंगलं की गुपचूप सटकणं. त्या दिवशी रडणं वाचतं, पण दुसऱ्या दिवसापासून मूल तुमच्यावरची नजर काढत नाही, कारण तुम्ही केव्हाही नाहीसे होऊ शकता हे त्याला कळलेलं असतं. दुसरी, निरोप लांबवणं: एक पापी, आणखी एक, दारातून परत. तिसरी, रडण्याचा आवाज ऐकून पुन्हा आत येणं. म्हणजे जोरात रडलं की आई येते, असा धडा. रोज तेच एक वाक्य, एक मिठी, मुलाला ताईंच्या हातात देणं आणि जाणं. "जमिनीवर ठेवून जाणं" नव्हे, हातात देणं. परत यायची वेळ घड्याळात सांगू नका, प्रसंगात सांगा: "झोपून उठलास की मी येते." आणि या.

साधारण ८ ते १८ महिन्यांच्या मुलांना दुरावा जास्त जड जातो. तो त्या वयाचा भाग आहे, ताईंचा दोष नव्हे. दोन आठवडे छान गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मूल अचानक पुन्हा रडू लागतं, हेही नेहमीचं. नवलाई संपते आणि हे आता रोजचंच आहे हे उमगतं. संध्याकाळी तुम्हाला बघताच भोकाड पसरलं, तर "दिवसभर हाल झाले" असा अर्थ लगेच काढू नका. दिवसभर धरून ठेवलेलं आपल्या माणसापाशीच सुटतं.

पडताळा: दोन आठवड्यांनंतर विचारा, मूल दिवसात कधीतरी रमतं का, थोडं खातं का, आणि रडलं तर ताईंपाशी शांत होतं का? सकाळी रडतं की नाही, याला फार महत्त्व नाही. महिना उलटूनही तिन्हींची उत्तरं नाही असतील, तर बसून बोलायची वेळ आली.

टप्पा ९: ताईंशी रोजचं

सकाळी दोन मिनिटं राखून ठेवा. झोप कशी झाली, काय खाल्लं, मूड कसा आहे, एवढंच सांगायचं. रात्री तीनदा उठलेलं मूल दुपारी किरकिर करणारच. ताईंना कारण माहीत असलं तर त्या त्याला लवकर झोपवतील. आणि मूल पडलं असेल, खरचटलं असेल, तर तेही सकाळीच सांगा.

संध्याकाळी "त्रास दिला का?" विचारू नका. मुलाच्या देखत त्याच्याबद्दल हा प्रश्न रोज विचारला जातो आणि ते रोज ऐकतं. "आज कशात रमला?" विचारा, उत्तरही जास्त कामाचं मिळतं.

वेळेवर मुलाला न्या, पैसे ठरलेल्या तारखेला द्या. हे नात्याच्या लेखात व्यवहारी वाटेल, पण ताईंच्या दृष्टीनं आदराची पहिली खूण हीच असते. उशिरा येऊन वर मिठाई आणणाऱ्या पालकांबद्दल त्या काय बोलतात, ते कधीतरी ऐकायला हवं. आभार मानायचे तर नेमके माना: "तुम्ही शिकवलंत तसं आता घरीही स्वतः हात धुतो." ताईंचं बाळाबद्दलचं निरीक्षण मागा आणि त्यातलं काहीतरी घरी करून बघा. तुमच्या घरच्या पद्धतीपेक्षा त्यांची वेगळी असेल, तर झोप आणि सुरक्षितता सोडून बाकीच्या गोष्टींत दोन पद्धती चालतात. मुलं कुठे काय चालतं ते लवकर ओळखतात.

कधीतरी मूल ताईंना "आई" म्हणेल किंवा तुम्ही न्यायला गेलात तर त्यांचा पदर सोडणार नाही. पोटात खड्डा पडतो. पण मूल एकाहून अधिक माणसांना जीव लावू शकतं आणि त्यात तुमचा वाटा कमी होत नाही. तिथे ताईंना टोमणा मारलात, तर त्या मुलाला जवळ घेताना बिचकायला लागतील, आणि तोटा मुलाचा.

घरी कॅमेरा लावणार असाल तर ताईंना आधी सांगा, कुठे आहे ते दाखवा. लपवलेला कॅमेरा सापडला की चांगली माणसंच आधी सोडून जातात.

महिन्यातून एकदा, मूल सोबत नसताना, वीस मिनिटं बसून बोला. अडचण नसली तरी. अडचण आली की पहिल्यांदाच बसायचं म्हटलं तर दोघंही सावध होऊन बसतात.

टप्पा १०: खटकलं तर

आधी ठरवा, हे खटकणं आहे की धोका.

खटकणं म्हणजे ओला कपडा बदलायला उशीर, फोनला उत्तर न देणं, पडदा जास्त वेळ चालू. दारातल्या गडबडीत, इतर पालकांसमोर हे काढू नका. वेळ मागून घ्या. दिसलं ते सांगा, अर्थ लावू नका: "गेल्या आठवड्यात दोनदा डायपर खूप भरलेला होता. दुपारी काय अडचण येते?" आधी ऐका, मग हवा तो बदल एका वाक्यात सांगा, आणि आठवड्यानं पुन्हा बघू असं ठरवा. बदल झाला तर तेही बोलून दाखवा; पालक इथे हमखास गप्प राहतात.

धोक्याच्या बाबतीत आठवडा थांबायचं नाही. रांगूही न लागलेल्या बाळाच्या अंगावर वळ किंवा काळंनिळं. जखमेची हकीकत दर वेळी बदलणं. मूल नेहमी अनैसर्गिक गुंगीत परत येणं. मुलं एकटी सोडलेली दिसणं. आत येऊ न देणं. ठरावीक एका माणसाची अचानक सुरू झालेली भीती. यातलं काहीही दिसलं तर मुलाला त्याच दिवशी तिथून काढा. मग डॉक्टरांकडे, खुणांचे तारखेसह फोटो, आणि तुमच्या भागातल्या बालसंरक्षण यंत्रणेकडे किंवा पोलिसांकडे तक्रार. आधी जाऊन भांडलात तर पुरावा नाहीसा व्हायला वेळ मिळतो. बोलता येणाऱ्या मुलाला "त्यांनी मारलं का?" असं उत्तर सुचवणारं विचारू नका, "मला सांग, काय झालं होतं?" एवढंच, आणि पुन्हा पुन्हा नाही.

धोका नसतानाही जागा बदलावी लागते: घर बदलतं, वेळा बदलतात. मग ठरलेल्या मुदतीआधी सांगा, आणि ताईंना ते इतरांकडून कळू देऊ नका. लहान मुलाला दोन-तीन दिवस आधी सांगितलं तरी पुरतं. शेवटच्या दिवशी ताईंसोबत त्याचा एक फोटो काढा, एक प्रत त्यांना द्या. नव्या ठिकाणच्या ताईंनी फोन केला तर चालेल का, हे जुन्या ताईंना विचारून ठेवा. मुलाच्या सवयी आता त्यांना तुमच्याइतक्याच माहीत आहेत.